आडनिड्या मापाच्या तसबिरी

गेल्या वर्षी आमच्या वाड्याची वाटणी ठरली आणि माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरल्या. समया, पाट, पितळी घंगाळी यांचा निकाल वडीलधाऱ्यांनी एका दुपारी लावला. परंतु एका पत्र्याच्या नळकांड्यातून गुंडाळलेली पाच जुनी छापील चित्रे निघाली, त्यांचे काय करावे हे मात्र कोणासच सुचेना. एकाचेही माप दुसऱ्याशी जुळत नव्हते आणि बाजारातल्या कोणत्याही तयार चौकटीशी तर मुळीच नव्हते.

त्यांतले हंस-दमयंतीचे चित्र आम्ही मोठ्या उत्साहाने तसबिरीच्या दुकानी नेले. दुकानदाराने माप घेतले आणि विचारले, "कडेने थोडे काढले तर तयार चौकटीत बसेल. काढू ना?" आम्ही मान डोलावली. आठ दिवसांनी झगझगीत तसबीर घरी आली. सर्वांनी वाहवा केली. काकू तेवढ्या जवळ येऊन, चष्मा सावरून, खालच्या कडेकडे पाहत राहिल्या. "अरे, मामंजींच्या वडिलांच्या हातची ओळ कुठे गेली?" चित्राच्या खालच्या कोऱ्या पट्टीवर छापखान्याचे नाव होते आणि त्याखाली आमच्या पणजोबांनी बोरूने लिहिलेली ओळ होती. मुलीच्या पहिल्या दिवाळसणास हे चित्र आणल्याचे त्यांनी नमूद केले होते. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा ते माजघरात लागलेले असे, म्हणून त्यांना ती ओळ पाठ होती. आम्ही दुकानाकडे धावलो. कात्रणे केव्हाच केराच्या टोपलीतून गेली होती. दुकानदारास दोष देण्यात अर्थ नाही. त्याने विचारले होते, आणि होकार आम्हीच दिला होता.

ही पट्टी म्हणजे निव्वळ रिकामा कागद, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः चित्राचे सारे कुळ-गोत्र तेथे असते. पुण्याचा चित्रशाळा छापखाना 1878 साली निघाला. राजा रविवर्म्यांनी आपला छापखाना 1894 साली मुंबईत काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. खालच्या कडेस 'कार्ला-लोणावळा' असा उल्लेख असेल, तर ते चित्र मुंबईच्या दिवसांतले नव्हे, इतके तरी घरबसल्या कळते. शिळाछापाच्या या चित्रांत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. पुष्कळ चित्रांवर शेवटी रोगणाचा हात फिरवीत, म्हणजे ते तैलचित्रासारखे दिसे. हे रोगण आपणांस पुढे लागणार आहे.

उरलेल्या चार चित्रांसाठी थोरल्या वहिनींनी दुकानाची वाट बंद केली. त्यांचे म्हणणे एवढेच, की चौकट कापता येते, चित्र कापू नये. आणि चित्र लहान नि चौकट मोठी असेल तर मधली जागा पुठ्ठ्याने भरावी. हा पुठ्ठा म्हणजे दुकानात मिळणारे माउंट बोर्ड. आडनिड्या मापाचे कोडे सुटते ते येथेच. आमचे दुसरे चित्र 13 इंच रुंद व साडेअठरा इंच उंच होते. जुन्या बाजारात सागवानी लाकडाची, 18 बाय 24 ची एक धुळकट चौकट मिळाली. पुठ्ठ्यात वहिनींनी पावणेतेरा बाय सव्वाअठरा इंचांची खिडकी कापली, म्हणजे चित्राची कड चहूंकडून दोन सूत तेवढी पुठ्ठ्याखाली राहिली. डावी-उजवीकडे दोन इंच पाच सूत, वर पावणेतीन आणि खाली तीन इंच पुठ्ठा उरला. (सूत आम्ही सुताराचे धरले आहे, इंचाचा आठवा भाग, तेव्हा वरचे 'दोन सूत' हे दोन्ही बाजू मिळून समजावे, एका बाजूस एकच.) खाली किंचित अधिक ठेवण्याचे कारण डोळ्यांची खोड: वर-खाली समान सोडले तर चित्र घसरल्यासारखे वाटते. लिखित पट्टी खिडकीत आली पाहिजे, हे मात्र कापण्यापूर्वी दोनदा पाहावे.

खिडकी कापण्यास पोलादी पट्टी व नवे पाते पुरे. पुठ्ठा उलटा ठेवून, जोर न लावता, त्याच रेघेवरून पाच-सहा वेळा पाते फिरवावे. एका दमात कापण्याचा हट्ट धरला की कोपरा फाटतो. दादांनी तो हट्ट धरला आणि एक पुठ्ठा वाया घालविला.

पुठ्ठ्याच्या बाबतीत काटकसर करू नये. चौकटीत खुशाल करावी. साध्या पुठ्ठ्यात व वर्तमानपत्राच्या कागदात आम्ल असते, ते हळूहळू चित्रात उतरते. जुन्या तसबिरी उघडल्या की चित्राच्या पाठीवर तपकिरी पट्टे दिसतात. मागे लावलेल्या फळ्यांच्या सांधीच तेथे उमटलेल्या असतात. म्हणून पुढचा आणि मागचा, दोन्ही पुठ्ठे आम्लरहित मागून घ्यावेत. पुढच्या पुठ्ठ्याचा दुसराही उपयोग आहे: चित्र काचेस टेकत नाही. आमच्याकडील पावसाळी दमट हवेत काचेच्या आतून ओल धरते आणि ते रोगण काचेस असे चिकटते, की पुढे काच काढताना दमयंतीचे नाक काचेबरोबर येते.

आता चिकटविण्याचे. चित्र पुठ्ठ्यावर सबंध चिकटविणे हा सर्वांत मोठा अपराध होय. कागद पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो. चारी बाजूंनी जखडला तर सुरकुततो किंवा तडकतो. त्यास वरच्या कडेने टांगावे. पातळ पण चिवट जपानी कागदाच्या दोन लहान पट्ट्या चित्राच्या पाठीस वरून लावाव्यात व त्यांची दुसरी टोके मागच्या पुठ्ठ्यास. पट्टी चित्राच्या कागदाहून दुबळी असावी. उद्या ओढ बसली तर पट्टी फाटेल, चित्र नव्हे. चिकटविण्यास गव्हाच्या सत्त्वाची घट्ट खळ घ्यावी. पुस्तके बांधणारे खळीत मोरचूद घालतात, तो येथे नको. तांबे कागदास कुरतडते. चिकटपट्टी आणि सुतारी पांढरा डिंक यांना तर या कामात थाराच देऊ नये. चांगली खळ पाण्याने पुन्हा सुटते. या पदार्थांचे डाग जन्मभर राहतात.

तिसरे चित्र सरस्वतीचे. त्यावर आमच्या आजीने जरीचे काठ नि टिकल्या बसविलेल्या आहेत. त्या काळी घरोघरी बायका देवतांना असे नटवीत. टिकल्या काचेस लागू नयेत म्हणून वहिनींनी पुठ्ठ्याच्या अरुंद पट्ट्यांचे तीन थर खिडकीखाली, चौकटीलगत, दडवून दिले. जर काळवंडली आहे, ती तशीच ठेवली. धूळ कोरड्या मऊ कुंचल्याने झाडली, ओला कपडा लावला नाही.

चौथे चित्र फळीवर खळीने सबंध डकविलेले निघाले. त्यास आम्ही हात लावला नाही. असली कामे जाणत्यांची. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चित्रजतनाचे केंद्र आहे, तेथे विचारणा करावयाची आहे. पाचव्यास अद्याप चौकट मिळालेली नाही.

खर्च म्हणाल तर दुसऱ्या तसबिरीस चौकट, काच, पुठ्ठा धरून अकराशे रुपये पडले. दुकानात साडेचार हजार सांगितले होते. टांगताना मागे खालच्या कोपऱ्यांस बुचाचे दोन तुकडे लावले, म्हणजे भिंतीची ओल चौकटीस लागत नाही, वारा खेळतो. उन्हाची तिरीप येते ती भिंत टाळली. देवघराची भिंतही टाळली, यावर काकू दोन दिवस नाराज होत्या. पण उदबत्तीच्या धुराने काळवंडलेला गजानन त्यांनीच पुसता पुसता पुसट केला होता, हे त्यांना आठवले.

हंस-दमयंतीची तसबीर वहिनींनी पुन्हा उघडली. पट्टी परत येणार नव्हती. नव्या मागच्या पुठ्ठ्यावर काकूंनी ती पाठ असलेली ओळ शिसपेन्सिलीने लिहिली आणि खाली, हे मूळ अक्षर नव्हे, असे आपल्या हाताने नोंदविले.