क्रोशाच्या सुईचा मुक्तछंद

गेल्या वर्षी तालुक्याच्या एका प्रदर्शनात मी क्रोशाचा टेबलक्लॉथ ठेवला होता. अननसाचा नमुना. दीड महिना खपून, एकेक साखळी मोजून केलेला. प्रदर्शनाच्या दिवशी पाहते तो शेजारच्या दोन टेबलांवर तेच अननस! रंग तेवढे निराळे. एकीचे बदामी, दुसरीचे गुलाबी. आम्ही तिघी एकमेकींकडे पाहून हसलो. गंमत अशी की, आम्हा तिघींपैकी एकीनेही अननसाचे झुडूप कधी डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. आमच्या पिंपळगाव रेणुकाईत अननस पिकत नाही. येथे पिकते ती मिरची.

ही गोष्ट मी हसून विसरलेही असते. पण त्याच सुमारास ताईचे लग्न ठरले आणि आजीने आपला पत्र्याचा डबा माझ्या हवाली केला. डब्यात क्रोशाचे एकतीस सुटे तुकडे होते. कोणता पानासारखा, कोणता कणसासारखा, एक तर नुसताच वाकडातिकडा. आजीला त्यांचे तोरण करायचे होते, ताईच्या रुखवतात ठेवायला. आता काचबिंदूने तिची नजर जवळजवळ गेली आहे. "तुकडे कमी पडत्याल. बाकीचे तू घाल," एवढेच ती म्हणाली. घालायचे कोणते? माझ्याजवळच्या पुस्तकात आणि मोबाइलवर शेकडो नमुने होते, परंतु आजीच्या तुकड्यांशेजारी ठेवला की प्रत्येक नमुना परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा अवघडून बसे.

आजी जे करीत होती त्याला पाश्चात्त्य देशांत मुक्त पद्धतीचा क्रोशा म्हणतात, हे मला पुढे वाचनात आढळले. आजीला अर्थातच या नावाचा पत्ता नाही. नेहमीच्या क्रोशात पहिल्या साखळीपासून शेवटच्या खांबापर्यंत सारे आधीच ठरलेले असते. मुक्त पद्धतीत लहानलहान तुकडे सुचतील तसे विणायचे, मग ते मांडून पाहायचे आणि जोडायचे. मराठीच्या तासाला कवी अनिलांच्या मुक्तछंदाविषयी ऐकताना मला हाच डबा आठवला. मुक्तछंद म्हणजे छंदच नाही असे नव्हे. त्याची लय आतून सांभाळावी लागते. क्रोशाचेही तसेच आहे. सुई मोकळी सोडली म्हणजे कापड आपोआप होत नाही. बहुधा गुंता होतो.

सुटे तुकडे करून जोडण्याची रीत तशी जुनी आहे. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून मोठा दुष्काळ आला, तेव्हा तेथील बायकांनी क्रोशाची लेस विणून घरे चालवली. गुलाब, तिपानी, नेचे, द्राक्षांचे घोस असे आपल्या कुंपणावरचे आणि बांधावरचेच आकार त्या सुटे विणत. ते कापडावर टाचून मधल्या जागा साखळ्यांच्या जाळीने भरून काढीत. आपल्याकडे पैठणवरून वाहत गेलेली गोदावरी जेथे समुद्राला मिळते, त्या आंध्रातील नरसापूरच्या परिसरात ही कला एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांबरोबर आली. तेथील हजारो बायका आजही घरी बसून लेस विणतात. त्यांच्या मजुरीची कहाणी मारिया मीस या जर्मन विदुषीने १९८२ साली पुस्तकरूपाने मांडली. ती वाचली की क्रोशाला 'फावल्या वेळचा छंद' म्हणणे जिभेवर येत नाही. असो. तो वेगळ्याच लेखाचा विषय आहे.

माझ्यापुढचा प्रश्न साधा होता: नवे आकार सुचावेत कोठून? पुष्कळ दिवस मी सुचण्याची वाट पाहत बसले. काहीही सुचले नाही. शेवटी एका संध्याकाळी डबा घेऊन आजीजवळ बसले आणि एकेक तुकडा तिच्या हातात देऊन विचारू लागले, हे काय, ते काय. ती बोटांनी चाचपून सांगे. "ही पिंपळाची जाळी. पान कुजल्यावर उरती ती." "हे जवारीचं कणीस, पाखरानं खाल्लेलं." वाकडातिकडा तुकडा हाती येताच ती हसली. "ही आपल्या विहिरीकडची वाट हाय, माय." त्या विहिरीकडे मी लहानपणापासून जाते. वाट तीन ठिकाणी वळते, तुकडाही तीन ठिकाणी वळलेला!

मग मिरचीचे फूल करावे असे माझ्या मनाने घेतले. आमचा गाव मिरचीच्या बाजारासाठी ओळखला जातो. हंगामात हिरव्या मिरचीचे ढीग लागतात, ट्रक भरतात, ठसक्याने डोळ्यांत पाणी येते. मी तर मिरचीच्या शेतातच वाढले. सुई हातात घेतली आणि थांबले. मिरचीच्या फुलाला पाकळ्या किती? मला सांगता येईना! घरात विचारले तर चार जणांची चार उत्तरे. दुसऱ्या दिवशी शेतात जाऊन मोजल्या. बहुतेक फुलांना पाच, काहींना सहा. रंग पांढरा. आणि मुख्य म्हणजे फूल मान खाली घालून असते. वाकून पाहिल्याखेरीज त्याचा चेहरा दिसतच नाही. एवढी वर्षे मी मिरच्या तोडल्या, फूल मात्र पाहिले नव्हते. आकार सुचत नाहीत अशी माझी तक्रार होती. खरे म्हणजे मी पाहतच नव्हते.

तेव्हापासून मी एक लहान वही जवळ ठेवते. चित्र चांगले येत नाही, त्यामुळे शब्दांत लिहिते: किती, कोणीकडे वळलेले, कोठे दाट, कोठे विरळ. कपाशीचे बोंड उकलले की चार किंवा पाच कप्पे दिसतात. भिजलेल्या सुतळीला पीळ कसा बसतो, शेणाने सारवलेल्या अंगणात बोटांचे अर्धगोल कसे एकात एक अडकतात, हेही वहीत आहे. ठिपक्यांच्या रांगोळीवर तर दोन पाने आहेत, कारण ठिपका म्हणजे खांब आणि रेघ म्हणजे साखळी धरली की रांगोळी जवळजवळ तशीच विणता येते.

पाहिलेले दोऱ्यात आणायचे, तर मात्र थोडे गणित लागते. (आम्ही कला शाखेचे विद्यार्थी गणिताला पाठ दाखवून आलो, ते येथे असे सामोरे येते!) सपाट गोल हवा असेल, तर पहिल्या फेरीत १२ खांब घालून पुढच्या प्रत्येक फेरीत १२ वाढवावे लागतात: १२, २४, ३६. का? प्रत्येक फेरीने त्रिज्या एका खांबाच्या उंचीने वाढते, म्हणून परीघ त्या उंचीच्या सहापटीहून थोडा अधिक वाढतो. आणि खांब रुंदीच्या साधारण दुप्पट उंच असतो. मुका खांब जेवढा रुंद तेवढाच उंच, म्हणून तेथे सहाच वाढवायचे. वाढ कमी पडली की गोलाची वाटी होते. जास्त झाली की कड लाटेसारखी उसळते. दर टाक्यात दोन घातले तर १२ चे २४, ४८, ९६ होतात आणि कोंबड्याच्या तुऱ्यासारखी झालर हाती येते. नेमका हाच 'दोष' हेरून, मूळच्या लाटव्हियाच्या दैना तैमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात भूमितीतील एक अवघड पृष्ठभाग क्रोशाने विणून दाखवला. तोवर तो विद्यार्थ्यांच्या हातात देणे मोठे कठीण होते. पुढे २००५ मध्ये वर्थाइम भगिनींनी याच युक्तीने लोकरीची प्रवाळे विणायला आरंभ केला आणि देशोदेशीच्या बायका त्यात सामील झाल्या.

माझी मिरची अशी केली: टोकाला चार मुके खांब, मग न थांबता गोलगोल विणत दर तिसऱ्या फेरीला एक टाका वाढवला, तो बारा होईपर्यंत. परंतु ती खडूसारखी सरळ झाली. मिरचीला बाक हवा. दोनदा उसवल्यावर ध्यानात आले की, फेरीच्या एका अंगाला उंच खांब आणि दुसऱ्या अंगाला मुके खांब घातले, की नळी आपसूक मुक्या खांबांकडे वळते. फूल त्यामानाने सोपे: पाच साखळ्यांचा गोल आणि प्रत्येक पाकळीला मुका खांब, तीन खांब, पुन्हा मुका खांब. एका फुलाला मुद्दाम सहा पाकळ्या घातल्या.

मांडणीने मात्र फार छळले. एकतीस आजीचे आणि सतरा माझे तुकडे जमिनीवर पसरले, तर मांजराने सांडलेल्या पसाऱ्यासारखे दिसू लागले. येथे मला अजिंठ्याचा आधार मिळाला. सहलीत पाहिलेले दोन क्रमांकाच्या लेण्याचे छत आठवले: मध्ये मोठा गोल, त्यात हंसांची रांग, भोवती चौकट आणि कोपऱ्यांतली रिकामी जागा निराळ्या आकृत्यांनी भरलेली. मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात या चित्रांच्या नकला करीत होते. त्यांतील पुष्कळ नकला १८८५ मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या. मी हंस उतरवले नाहीत, तो माझा घास नव्हे. मोठे आकार आधी बसवून कोपरे मागाहून भरायचे, ही युक्ती तेवढी घेतली. जुन्या लुगड्याच्या पट्टीवर विहिरीची वाट मध्यभागी टाचली, तिच्या दोन्ही बाजूंना कणसे आणि मिरच्या, आणि उरलेल्या फटी साखळ्यांच्या जाळीने भरल्या.

जवळच्या भोकरदनचाही, म्हणजे प्राचीन भोगवर्धनाचा, मी विचार केला होता. १९७३ च्या उत्खननात तेथे हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिचे साम्य इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली मिळालेल्या मूर्तीशी दाखवले जाते. पाँपेईच्या मूर्तीच्या पायांतली एकावर एक चढलेली वळी क्रोशाच्या फेऱ्यांसारखीच दिसतात. पण छायाचित्रावरून विणून पाहिलेला तुकडा मेलेला वाटला, म्हणून उसवला. समोरून पाहिल्याशिवाय त्या वाटेला पुन्हा जायचे नाही, असे ठरवले आहे.

तोरण पुरे झाले त्या रात्री ते आजीच्या मांडीवर ठेवले. तिची बोटे एका टोकाकडून निघाली. पिंपळाची जाळी, कणीस, वाट ओळखीची होती; तेथे ती थांबली नाही. माझ्या मिरचीशी आल्यावर थबकली. पुन्हा मागे गेली, बाकावरून अंगठा फिरवला.

"ही माझी न्हाई," ती म्हणाली. मी गप्प. "पर मिरचीच हाय. देठ चुकला तेवढा. असा ताठ देठ झाडावर ऱ्हातो. तोरणातली मिरची तोडलेली. तोडताना देठ मुरगळतो, माय."

लग्नाला चार दिवस होते. मी कंदिलाएवढा मिणमिणता दिवा जवळ ओढला आणि सातही मिरच्यांचे देठ उसवायला बसले.