बैठक, झोप आणि मन

महामोग्गलान ध्यानाला बसले असता त्यांना पेंग येऊ लागली. तेव्हा भगवान बुद्धांनी त्यांना उपाय सांगितले. कान ओढावेत, अंग चोळावे, डोळे धुवावेत, चंक्रमण करावे. एवढ्यानेही झोप न गेल्यास उजव्या कुशीवर स्मृतिपूर्वक निजावे. अंगुत्तर निकायातील हा प्रसंग आहे. शरीराच्या ठेवणीचा जागृतीशी संबंध असतो, हे त्यातून दिसते.

विज्ञानही हेच सांगते. आपण ताठ बसतो तेव्हा मान व पाठीचे स्नायू काम करीत असतात. त्यांचे संदेश मेंदूच्या बुंध्यातील जागृती-केंद्रांना चेतवतात. आडवे झाल्यावर स्नायू सैल पडतात व मेंदूच्या लहरी मंदावतात. गाढ झोप आणि स्वप्नांची झोप यांचे सुमारे ९० मिनिटांचे चक्र रात्रभर फिरत राहते. स्वप्नांच्या झोपेचा शोध १९५३ साली लागला. त्या अवस्थेत मानेतील व हातापायांतील स्नायूंचे बळ जवळजवळ नाहीसे होते.

आमच्या नवी मुंबईत ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत रात्रपाळी चालते. वाशीच्या बाजारात माथाडी बांधव रात्रीच माल उतरवतात. त्यांपैकी कितीतरी जण लोकलमध्ये बसल्याबसल्या डोळा लावतात. त्या डुलकीने थोडी तरतरी येते, परंतु मान कलंडली की जाग येते व चक्र तुटते. बसून घेतलेल्या झोपेने रात्रीची भरपाई होत नाही.

याचा परिणाम मनावर होतो. अमेरिकेत २००७ साली एका प्रयोगात काही निरोगी तरुणांना रात्रभर जागे ठेवले व नंतर अप्रिय चित्रे दाखविली. झोपलेल्यांच्या तुलनेत त्यांच्या मेंदूतील भावनांचे केंद्र सुमारे ६० टक्के अधिक भडकले. रात्रपाळीहून आलेला माणूस क्षुल्लक कारणावरून खेकसतो. आपण म्हणतो, त्याचा स्वभाव बिघडला. पुष्कळदा ती साठलेली झोप असते.

म्हणून घरच्यांनी एवढे करावे. खिडकीला जाड पडदा लावावा, टी.व्ही.चा आवाज कमी ठेवावा, त्याला आडवे होऊन सलग झोपू द्यावे. पहाटे पाण्यासाठी उठून डबे करणाऱ्या आणि रात्री सर्वांत शेवटी निजणाऱ्या गृहिणीची झोप तर आपण मोजतच नाही. तीही मोजावी. तिची कामे घरातील इतरांनी वाटून घ्यावीत.

दोन आठवडे झोप लागत नसेल किंवा मन सतत उदास राहत असेल, तर संकोच न करता डॉक्टरांकडे जावे.