कॅप कशाची बसवू?

पडलेल्या दाढेच्या जागी टायटॅनियमचा स्क्रू बसला, हाडानं तो धरेपर्यंत तीन-चार महिने वाट पाहून झाली, आणि आता डॉक्टर विचारतात, "ताई, कॅप कशाची बसवू? मेटल-सिरॅमिक की झिरकोनिया?" तुम्ही ह्यांच्याकडे पाहता, हे दरपत्रकाकडे पाहतात, आणि मधल्या किमतीची कुठलीतरी कॅप ठरून जाते! मैत्रिणींनो, साडीचा पोत हातानं पाहिल्याशिवाय आपण दुकानातून उठत नाही. मग वर्षानुवर्षं तोंडात राहणाऱ्या वस्तूबद्दल चार प्रश्न विचारायला संकोच कशाला?

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. आपला स्वतःचा दात हाडात थेट रुतलेला नसतो. मुळाभोवती तंतूंची पातळ गादी असते, जेमतेम पाव मिलिमीटरची. चावताना दात तिच्यावर किंचित दबतो, आणि भातात खडा आला की तीच गादी आपल्याला चटकन थांबवते. इम्प्लांटला ही गादी नाही. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी हाड टायटॅनियमला थेट धरतं हे सशाच्या हाडात पाहिलं आणि १९६५ मध्ये माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. पकड पक्की खरी, पण धक्का झेलायला मध्ये कोणी नाही! सगळा मार कॅपवर आणि तिच्याखालच्या बारीक स्क्रूवर.

आता कॅपच्या पदार्थांकडे वळू. पदार्थ वाकवून मोडायला किती ताण लागतो, ते मेगापास्कलमध्ये मोजतात. नुसतं पोर्सेलिन, म्हणजे आपल्या कपबशीचं भावंड, १०० च्या आतबाहेर मोडतं. काचेच्या जातीचं लिथियम डायसिलिकेट ४०० च्या आसपास. पांढराफट्ट झिरकोनिया १००० च्या घरात. आकडे विसरलात तरी चालेल, एकास चार, एकास दहा हे प्रमाण तेवढं लक्षात ठेवा.

मग मेटल-सिरॅमिकचं काय? इनॅमलचं पातेलं आठवा. हातून पडलं की लोखंड शाबूत, टवका मात्र उडालेला. इथंही तसंच. आतली धातूची टोपी मोडत नाही, वरच्या पोर्सेलिनचा टवका उडतो. इम्प्लांटवरच्या कॅपची ही नेहमीची तक्रार आहे. गंमत म्हणजे महागड्या झिरकोनियावर शोभेसाठी पोर्सेलिनचा थर चढवला, तर त्याचीही तीच गत! म्हणून दाढेसाठी विचारताना "झिरकोनिया का?" एवढ्यावर थांबू नका, "पूर्ण एकसंध झिरकोनिया का?" असं विचारा.

या झिरकोनियाची खुबी मोठी मजेदार आहे. कपाला तडा गेला की तो सरसर धावत जातो, हो ना? झिरकोनियात तडा पुढे सरकू लागला की त्याच्या टोकाजवळचे कण आपली रचना बदलून फुगतात आणि तड्याला दाबून धरतात. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या तिघा शास्त्रज्ञांनी यावर 'नेचर' मासिकात लेख लिहिला, त्याचं शीर्षकच होतं 'सिरॅमिकचं पोलाद?'

पण सगळा झिरकोनिया सारखा नाही, बरं का. दातासारखी झाक देणारा, जास्त पारदर्शक प्रकार दिसायला सुरेख, पण ताकदीला जवळजवळ निम्मा, आणि तडा अडवण्याची ती खुबीही त्याच्यात फारशी उरत नाही. हसताना दिसणाऱ्या पुढच्या दाताला तो शोभतो. मागच्या दाढेला रूप हवंय कशाला? कॅप बसवताना डॉक्टरांनी ती घासून उंची कमी केली, तर पुन्हा गुळगुळीत पॉलिश करून मागा. खरखरीत झिरकोनिया समोरच्या चांगल्या दाताला झिजवतो.

झोपेत दात खायची सवय असेल तर कॅप ठरवण्याआधीच सांगा, रात्री घालायचं कव्हर करून मिळतं. आणि सुपारी? ती तर कर्करोगाला आमंत्रण, तेव्हा सोडाच.

शेवटी बिल. त्यावर नुसतं 'कॅप' लिहून घेऊ नका. कॅपचा पदार्थ, इम्प्लांटची कंपनी आणि माप, सगळं लिहून घ्या आणि कागद दागिन्यांच्या पावत्यांबरोबर ठेवा. उद्या ह्यांची बदली झाली आणि परगावी कॅप हलू लागली, तर बहुधा आतला स्क्रूच ढिला झालेला असतो. तो आवळायची किल्ली बऱ्याचदा कंपनीनुसार वेगळी असते, आणि तिथल्या डॉक्टरांना पहिल्यांदा तुमचा हाच कागद लागेल.