भंगारातली सुई

तुर्भ्यातील माझ्या दवाखान्यात परवा एक तरुण आला. घरोघरचा कागद, काच, प्लॅस्टिक उचलणाऱ्या एका नव्या कंपनीत तो कामाला आहे. सकाळी वाशी-नेरुळच्या सोसायट्यांतून टेम्पो भरायचा, दुपारी शेडमध्ये माल निवडायचा. सुका कचरा म्हणजे स्वच्छ काम, अशी त्याची समजूत. पिशवीत हात घातला, तर इन्शुलिनची सुई हातमोजा भेदून बोटात शिरली.

त्याने बोट दाबून रक्त काढले, हळद भरली आणि खाडा नको म्हणून दोन दिवसांनी आला! सुई टोचल्यास जखम दाबू नये, चोखू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी व त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्यांची गरज डॉक्टर ठरवतात, पण त्या ७२ तासांच्या आतच सुरू व्हाव्या लागतात. मला अधिक काळजी कावीळ ‘ब’ची. तिचा विषाणू शरीराबाहेरही सात दिवस तग धरतो. तिच्यावर लस आहे. शून्य, एक व सहा महिन्यांनी असे तीन डोस. या तरुणाने एकही घेतलेला नव्हता. त्याला तातडीने रुग्णालयात धाडले.

मधुमेही वाचकांनी वापरलेल्या सुया फिनेलच्या जाड रिकाम्या बाटलीत टाकाव्यात, झाकण घट्ट लावून वर लाल खूण करावी आणि बाटली कचरा नेणाऱ्याच्या हाती वेगळी, सांगून द्यावी.

त्या तरुणाचा पहिला रक्ततपासणी अहवाल ठीक आहे. पुढच्या तपासण्या बाकी आहेत.