खो-खोचे नियम बदलले, म्हणजे नेमकं काय बदललं?

१९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये भारतीय महिलांनी नेपाळला हरवून पहिला खो-खो विश्वचषक जिंकला. संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती, त्यामुळे आमच्या जिल्ह्यात या सामन्याचं कौतुक जरा जास्तच. पण निकालाचा आकडा बघून जुन्या खेळाडूंच्या कपाळाला आठ्या पडल्या: ७८-४०. एका डावात दहा-बारा गुण झाले की धुलाई झाली म्हणणारी ही माणसं. 'दहा-नऊ'ने जिंकलो, 'एक डाव राखून' जिंकलो, असे निकाल ऐकत आणि वाचत त्यांचं आयुष्य गेलं. खो-खोत अठ्ठ्याहत्तर गुण होतात तरी कसे?

कारण तो सामना वेगळ्या नियमांनी खेळला गेला. आज खो-खोच्या दोन आवृत्त्या शेजारीशेजारी नांदताहेत. शालेय आणि अजिंक्यपद स्पर्धांमध्ये जुनी चालते. अल्टिमेट खो-खो लीगमध्ये आणि विश्वचषकात नवी. दोन्हींत कुठे फरक आहे आणि त्या फरकाने मैदानावर काय होतं, ते सावकाश पाहू.

आधी जुना खेळ. मैदानाच्या दोन टोकांना दोन खांब, त्यांना जोडणारी ३० सेंटिमीटर रुंदीची मधली पाटी आणि तिला छेदणाऱ्या आठ आडव्या पाट्या. जिथे छेद तिथे चौरस. आठ चौरसांत आक्रमण करणाऱ्या संघाचे आठ गडी बसतात, एकाचं तोंड इकडे तर शेजारच्याचं तिकडे. नववा पाठलाग करतो. समोरच्या संघाचे तीन संरक्षक मैदानात उतरतात. तिघे बाद झाले की पुढचे तिघे. नऊ मिनिटांची एक पाळी, मग अदलाबदल. दोन्ही संघांचं एकेक आक्रमण झालं की डाव पूर्ण. असे दोन डाव, म्हणजे ३६ मिनिटांचा खेळ. एक गडी बाद, एक गुण. लहान वयोगटांत पाळी सात मिनिटांची, बाकी सगळं तेच.

या खेळाचा खरा जीव दिशेच्या नियमात आहे, आणि नवा प्रेक्षक नेमका तिथेच गोंधळतो. संरक्षक दोन बसलेल्या गड्यांमधून हवा तेव्हा इकडून तिकडे जाऊ शकतो. आक्रमकाला मधली पाटी ओलांडता येत नाही. शिवाय एकदा एका खांबाची दिशा धरली की त्याला उलट फिरता येत नाही. खांबापर्यंत जायचं, तिथून वळून दुसऱ्या बाजूने यायचं. मध्येच मागे फिरायचं असेल तर एकच उपाय: बसलेल्या सोबत्याला मागून स्पर्श करून, मोठ्याने 'खो' म्हणून काम त्याच्याकडे सोपवायचं. खांदा जरी उलट वळला तरी पंचांची शिट्टी वाजते आणि त्या फाउलच्या भरात टिपलेला गडी बाद धरत नाहीत.

म्हणून संरक्षकाचं सगळं कसब पाठलाग करणाऱ्याच्या पाठीमागे जाण्यात असतं. एक हुलकावणी, दोन गड्यांमधून एक गिरकी, आणि त्याच्या मागे गेलात की पुढचा खो मिळेपर्यंत तुम्ही सुटलात. बसलेल्या गड्यांमधून नागमोडी जात राहणं म्हणजे साखळी. एकेरी साखळी, दुहेरी साखळी हे शब्द आमच्याकडे शाळेतल्या पोरींनाही पाठ असतात. चांगला संरक्षक आक्रमकाच्या पायाकडे बघत नाही, त्याचा खांदा आणि बसलेल्याची मान बघतो. खो कुठे पडणार ते तिथे आधी कळतं.

हे नियम काही दगडावरची रेघ नव्हते. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खेळाला पहिली चौकट दिली, तेव्हा एका गड्यामागे दहा गुण होते आणि सामना वीस मिनिटांचा. १९१९ मध्ये मैदान चक्क लंबगोल होतं. १९३५ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियमावली छापली आणि गावोगावचे वेगवेगळे पोटनियम एका रांगेत आले. पुढच्याच वर्षी बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने जगापुढे खो-खोचं प्रात्यक्षिक केलं. तेव्हा 'आमचा मूळ खेळ बिघडवला' म्हणणाऱ्याने आधी मूळ म्हणजे कुठल्या सालचा ते सांगावं.

काही बदल तर आवाज न करता होतात. जुन्या क्रीडापुस्तकांत मैदान २९ बाय १६ मीटर दिलेलं असे. पुढे ते २७ बाय १६ झालं. दोन मीटर गेले कुठून? बहुतेक खांबांच्या मागच्या मोकळ्या जागेतून. तिथे आधी पावणेतीन मीटर मिळत, आता दीड. सामना बघायला आलेल्याच्या हे ध्यानातही येणार नाही. पण खांबामागे वळसा घेऊन दम खाणाऱ्या संरक्षकाचं निम्मं अंगण गेलं. वर आक्रमक खांबाला धरून सूर मारणारा! खांबावरचा खेळ आक्रमकाच्या बाजूने झुकला तो असा.

आता नवी आवृत्ती. २०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुण्याच्या बालेवाडीत अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम झाला. सहा संघ होते आणि ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजला अंतिम सामन्यात अवघ्या एका गुणाने हरवलं, ४६-४५. टीव्हीसाठी बेतलेला हा खेळ. पाळी नऊऐवजी सात मिनिटांची, अशा चार पाळ्या, म्हणजे एकूण २८ मिनिटं. आक्रमणात नऊऐवजी सात: सहा बसलेले, एक पळणारा. मैदानही त्या मानाने आखूड. चौरस कमी झाले की साखळीचे दुवेही कमी होतात. संरक्षकाला वळणं लवकर संपतात आणि खांब लवकर येतो.

गुणांचं म्हणाल तर गडी बाद केल्याचे आता दोन गुण. पहिल्या हंगामात सूर मारून बाद केलं तर तीनही मिळत. मला यात फारसं काही दिसत नाही. दोन्ही संघांना दोन-दोन मिळत असतील तर तो नुसता आकड्यांचा फुगवटा. १९१४ मध्ये दहा होते, मग एक झाला, आता दोन.

खरा बदल दुसरीकडे आहे. जुन्या खेळात संरक्षकाच्या टिकण्याला गुणफलकावर स्वतःची जागा नव्हती. कुणी अडीच मिनिटं पळती केली तर ती नोंदपत्रकात लिहितात, दुसऱ्या दिवशी पेपरात नावासह छापूनही येते; पण गुण शून्य. त्याने समोरच्याचे गुण वाचवले, एवढंच. वेळेला थेट किंमत यायची ती फक्त बरोबरीत: जादा डावातही कोंडी फुटली नाही की लघुत्तम आक्रमण, म्हणजे पहिला गडी कोण कमी वेळात टिपतो ते बघायचं. नव्या आवृत्तीत संरक्षणालाही गुण आहेत. विश्वचषकात तिघांच्या तुकडीने तीन मिनिटं काढली की एक गुण आणि पुढे दर तीस सेकंदांना आणखी एक. याला ड्रीम रन म्हणतात.

आता तो ७८-४० चा हिशेब घालून पाहू. पहिल्या पाळीत भारताने आक्रमण केलं: ३४-०. दोनाने भागा, म्हणजे सात मिनिटांत सतरा गडी. पाच तुकड्या पुऱ्या गारद आणि सहावीतले दोघे. दुसऱ्या पाळीत नेपाळने बारा गडी टिपले, पण त्याच पाळीत भारताच्या खात्यात एक गुण पडला, ३५-२४. हा एक गुण संरक्षणाचा. तिसऱ्या पाळीत पुन्हा आक्रमण, आणखी अडतीस गुण, ७३-२४. चौथ्या पाळीत भारताचं संरक्षण होतं. जुन्या नियमाने भारताचा आकडा इथे गोठला असता. पण चैत्रा बी.च्या तुकडीने पाच मिनिटांहून थोडा अधिक वेळ काढला. तीन मिनिटांना एक, साडेतीनला दोन, चारला तीन, साडेचारला चार, पाचला पाच. ७३ चे ७८ झाले ते असे. शिवाय ती पाच मिनिटं नेपाळच्या सातांतून वजा झाली, तो फायदा वेगळाच.

हाच सामना जुन्या मोजणीने मांडला तर आक्रमणाचे ३६ विरुद्ध २०. निकाल बदलत नाही. पण अटीतटीच्या सामन्यात हे एक-दोन गुण पारडं फिरवू शकतात, आणि मला हा बदल न्यायाचा वाटतो. जीव तोडून पळणाऱ्याच्या हाती शेवटी काहीतरी पडलं.

वजिराबद्दल मात्र माझं मत इतकं सरळ नाही. आक्रमणातला एक गडी वजीर ठरतो आणि त्याला दिशेचं बंधन नसतं. बुद्धिबळातल्या वजिरासारखा तो पुढेही जातो, मागेही वळतो. लीगमध्ये पॉवरप्ले घेतला की असे दोन वजीर. संरक्षकाचं 'मागे गेलो की सुटलो' हे गणित इथे मोडतं, कारण मागे गेलात तरी वजीर वळून समोर येतो. मग गिरकीपेक्षा अंतर महत्त्वाचं ठरतं, आणि अंतर राखायचं तर जास्त पळावं लागतं. दुसरीकडे एक नवीच बुद्धीही लागते: वजीर कुठल्या चौरसात बसलाय हे तिन्ही संरक्षकांनी सतत डोक्यात ठेवायचं आणि त्याच्यापर्यंत खो पोहोचणार नाही अशा बाजूला खेळ ओढत न्यायचा. आक्रमण करणारा संघ नेमका उलटा प्रयत्न करतो. हे बघायला मजा येते, नाही कशाला म्हणू? पण हा नियमाला दिलेला अपवाद आहे. ज्याला दिशेचा नियमच ठाऊक नाही, त्याला वजिराचं बळ काय कळणार?

धाराशिवच्या मुली तयार झाल्या त्या जुन्या नियमांवर. चंद्रजित जाधव यांच्या तालमीत घडलेल्या सारिका काळेच्या नेतृत्वाखाली २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांनी सुवर्ण जिंकलं. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. तेव्हा ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी होती. २०१६ मध्ये ना वजीर होता ना ड्रीम रन. नंतरच्या पिढीतली अश्विनी नव्या नियमांच्या विश्वचषकात दिसली. जुन्यात मुरलेल्याला नवं पेलता येतं, याचा हा डोळ्यांपुढचा पुरावा. उलटा प्रवास होईल का, याची मला शंका आहे.

नवी आवृत्ती मॅटवर खेळतात, त्याचंही एका वाक्यात सांगतो: मराठवाड्याच्या कडक मुरमाड मैदानावर सूर मारायला कोपर सोलून घेण्याची तयारी लागते, मॅटवर तीच उडी मारायला पोरं धजावतात, म्हणून नवा खेळ जास्त हवेत दिसतो.

शाळांतल्या क्रीडाशिक्षकांना एक विनंती आहे. टीव्हीवर सात जणांचा खेळ दिसला म्हणून आपल्या मैदानावरचे दोन चौरस पुसू नका. एका पाळीत नऊ मुलींना पळायला मिळतं, ते सातांवर आणू नका. आधी दिशा, खो आणि साखळी पक्की होऊ द्या. मग महिन्यातून एखादा दिवस एकीला वजीर करा, हातात घड्याळ घेऊन ड्रीम रन मोजा आणि गुणही द्या. पळणाऱ्या पोरींना ते नक्की आवडेल.