नरक्या: सह्याद्रीतील झाड आणि कर्करोगावरील औषध

पावसाळ्यात सह्याद्रीच्या रानात एका लहानखुऱ्या झाडाला फिकट पिवळसर फुले येतात आणि त्यांचा उग्र दर्प दूरवर पसरतो. या वासामुळेच त्याच्या जुन्या शास्त्रीय नावात ‘दुर्गंधी’ या अर्थाचा लॅटिन शब्द आला. मराठीत हे झाड नरक्या म्हणून ओळखले जाते. कर्करोगावरील दोन महत्त्वाच्या औषधांचे मूळ द्रव्य, कॅम्पटोथेसिन, या झाडात असते. त्यावरून ‘हे झाडच कर्करोगाचे औषध’ असा समज काही ठिकाणी रूढ झाला आहे. तो चुकीचा तर आहेच, शिवाय रुग्णाच्या जिवावर बेतणाराही आहे.

कॅम्पटोथेसिन प्रथम वेगळे केले गेले ते अमेरिकेत, १९६६ साली, एका चिनी वृक्षापासून. मन्‍रो वॉल आणि मनसुख वाणी हे त्याचे संशोधक. यांपैकी वाणी यांचा जन्म नंदुरबारचा. पुढे १९७२ मध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी हेच द्रव्य नरक्यात असल्याचे दाखवून दिले.

प्रयोगशाळेत प्रभावी ठरलेले हे द्रव्य रुग्णांवर मात्र अपयशी ठरले. ते पाण्यात विरघळत नसल्यामुळे त्याचा क्षार करून देण्यात आला. त्यामुळे मूत्राशयात रक्तस्राव होऊ लागला, रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या.

ते नेमके कसे काम करते, हे १९८५ च्या सुमारास उलगडले. पेशी विभागण्यापूर्वी तिच्यातील डीएनएच्या पिळलेल्या धाग्याची प्रत तयार व्हावी लागते. पीळ सैल करण्यासाठी एक विकर त्या धाग्याला तात्पुरता छेद देते आणि पुन्हा जोडते. कॅम्पटोथेसिन ही जोडणी रोखते. प्रत काढण्याचे काम तेथे अडखळते, धागा तुटतो आणि पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी वेगाने विभागतात, म्हणून त्या अधिक मरतात. परंतु अस्थिमज्जेतील आणि आतड्याच्या अस्तरातील निरोगी पेशीही वेगाने विभागत असल्याने त्यांनाही इजा होते.

हे समजल्यावर रसायनशास्त्रज्ञांनी मूळ रेणूत बदल करून तो पाण्यात विरघळेल असा केला. त्यातून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे तयार झाली. १९९६ साली अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली. पहिले प्रामुख्याने बीजाशयाच्या, तर दुसरे मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर वापरले जाते. झाडातील द्रव्याचे औषध होण्यास ३० वर्षे लागली, ती या कारणाने.

अंगणातल्या सदाफुलीचीही गोष्ट अशीच आहे. तिच्यापासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात मोलाचे ठरले आहे. मात्र एका वेळची मात्रा सहसा २ मिलिग्रॅमपुढे जात नाही आणि ती शिरेतूनच दिली जाते. काढ्यात किती द्रव्य उतरले, हे घरी मोजता येत नाही. कमी असेल तर गुण येत नाही आणि जास्त असेल तर विषबाधा होते. दरम्यान उपचारांचा मोलाचा काळ निघून जातो.

उपचार चालू असताना घेतलेली वनौषधीही निरुपद्रवी असेलच असे नाही. सेंट जॉन्स वर्ट ही युरोपातील वनस्पती इरिनोटेकानसोबत घेतल्यास औषधाच्या सक्रिय रूपाचे रक्तातील प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांनी घटल्याचे एका अभ्यासात आढळले आहे. म्हणून कोणताही काढा, चूर्ण वा गोळी घेत असल्यास ते डॉक्टरांना सांगणे आवश्यक ठरते.

या कथेत आणखी एकाचा जीव पणाला लागला आहे, तो झाडाचा. द्रव्यासाठी खोड तोडले जाते, मुळेही उपटली जातात, त्यामुळे झाड पुन्हा फुटत नाही. रानातून होणारी ही लूट थांबवून नरक्याची लागवड वाढवणे हाच त्यावरचा मार्ग आहे. वनस्पतींमध्ये औषधे दडलेली आहेत, हे खरे. ती शोधायची तर आधी झाड रानात उभे असायला हवे.