जुन्या सागाला नवा रंग

लोंढा म्हणजे रेल्वे जंक्शन आणि भोवतालचं जंगल. खानापूर तालुक्यातल्या या पट्ट्यात साग, शिसव, ऐन हाताशी होते. त्यामुळे इथल्या जुन्या घरांतली फडताळं, घडवंच्या, चौरंग आणि पेटारे भरीव लाकडाचे असत. आता घरं बदलली, मुलं बेळगाव, पुणे, गोव्याला गेली आणि हे सामान माळ्यावर किंवा भंगारात जाऊ लागलं. त्याची जागा घेतो तो भुशाच्या दाबीव फळ्यांचा कपाटसेट. लोंढ्याच्या पावसाळी दमट हवेत त्या फळ्या कडेने फुगतात. माळ्यावरचा साग मात्र अजून कित्येक वर्षं टिकेल. तो रंगवून पुन्हा वापरात आणण्याची कला म्हणूनच इथे शिकण्यासारखी आहे.

या कलेतला कागदकामाचा भाग म्हणजे डेकुपाज. चित्रं कापून लाकडावर चिकटवायची आणि वर वार्निशचे इतके हात द्यायचे, की कागदाची कड बोटाला जाणवू नये. अठराव्या शतकात व्हेनिसमध्ये हे काम बहरलं. चीन-जपानच्या लाखकामाला युरोपात मोठी मागणी होती, पण ते फार महाग पडे. म्हणून तिथल्या कारागिरांनी छापील चित्रं रंगवून फर्निचरवर चिकटवली आणि वर वार्निश चढवलं. ‘गरिबाचं लाखकाम’ म्हणून ते ओळखलं गेलं.

लाखकामाची एक वेगळी परंपरा आपल्या शेजारीच आहे. बेळगावहून आंबोली घाट उतरला की सावंतवाडी. तिथल्या चितारींच्या गंजिफात, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांत, चिंचोक्याच्या खळीने पत्ता तयार होई, मग कुंचल्याने चित्र आणि वर लाखेचा लेप. दशावतारी गंजिफाच्या एका संचात असे १२० पत्ते. मागणी आटत गेली आणि ही विद्या मोजक्या वृद्ध हातांत उरली. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली आणि १९७० च्या दशकात राजवाड्यातच तिला पुन्हा उभं केलं. तिथले कारागीर पत्त्यांबरोबर पेट्या, पाट, खुर्च्या आणि टेबलंही रंगवत आले आहेत. दशावतारांची चित्रं आणि वेलबुट्टी लाकडी सामानावर किती शोभते, हे पाहायला लोंढ्याच्या माणसाला फार लांब जावं लागत नाही.

काम सुरू होतं ते दुरुस्तीपासून. हलणारे सांधे उघडून, जुना सरस खरवडून पुन्हा चिकटवायचे. भुंग्याने पाडलेल्या भोकांत औषध घालायचं आणि मगच लांबी भरायची. जुना रंग कोरडा घासू नये. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम भारतात २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला; त्याआधीच्या रंगात ते जास्त असू शकतं. म्हणून पाणी लावून घासावं, मास्क लावावा, मुलांना लांब ठेवावं.

सागाच्या अंगात तेल असतं. त्याच्या टिकाऊपणाला ते हातभार लावतं, पण त्यामुळेच रंगाचे पोपडेही निघतात. घासल्यावर फळी स्पिरिटने पुसून लाखेचा एक हात दिला, की डाग वर येत नाहीत आणि रंग धरून राहतो. मग रंगाचे दोन पातळ हात. कागद चिकटवायला पांढरा फेविकॉल पाण्यात थोडा पातळ करून घ्यावा. चित्र मधून कडेकडे दाबत न्यायचं, म्हणजे हवा आत राहत नाही. इंकजेट प्रिंटची शाई ओलीने पसरते; लेझर प्रिंट टिकते. शेवटी वार्निश: एक हात, पूर्ण वाळवण, हलकी घासणी, पुन्हा हात. पावसाळ्यात वाळवण रेंगाळते, त्यामुळे दिवाळी ते वैशाख हाच या कामाचा खरा हंगाम.

सगळंच रंगवू नये, हेही या कलेत शिकावं लागतं. शिसवी पलंग किंवा सुंदर रेषांचा अखंड साग याला लाखेचं पॉलिशच शोभतं. रंगाखाली त्याची शोभा दडते. ठिगळं लावलेलं, डागाळलेलं, तीन वेगवेगळ्या लाकडांतून जुळवलेलं सामान रंगाला योग्य. आजीच्या पेटाऱ्यावर परदेशी गुलाबच हवेत असंही नाही. जुन्या पंचांगाची पानं, लग्नपत्रिका, रेल्वेच्या वेळापत्रकाच्या प्रती तिथे जास्त आपल्या वाटतील. मूळ कागद जपून ठेवावेत, प्रत चिकटवावी.

सागाचं झाड कापण्याजोगं व्हायला काही दशकं लागतात. लोंढ्याभोवतीचं जंगल आज पश्चिम घाटाचा मौल्यवान ठेवा आहे. नव्या कपाटासाठी तिथलं एकही झाड पडू नये. घरातलं जुनं लाकूड आधीच कापलेलं आहे आणि वर्षानुवर्षं सुकून स्थिर झालेलं आहे. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एक कोपरा घासून बघा. आत साग निघाला, तर तो विकू नका, दुरुस्त करा.